माझ्याच खोलीतून मी उठून गेले

ऑनर्सच्या वर्षाला मी एक वर्ष उशिरा बसले. बरोबरच्या पोरी पुढं गेल्या, मी मागं राहिले. लोकांनी आपापल्या परीनं कारणं काढली. कुणी म्हणालं, बाईला इंग्रजी झेपलं नसेल. कुणी म्हणालं, घर, नोकरी, पाणी एवढं सगळं बघून अभ्यास कधी करणार. आमच्या गल्लीतली एक तर तोंडावर म्हणाली, "या वयात नसती उठाठेव!" मी कुणालाच काही बोलले नाही. आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल.

मी फटकळच. आमचं घर धनगराचं, करमाडच्या पलीकडचं. मेंढरं हाकायची तर आवाज लागतो, तो मला जन्मापासून मिळालेला. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडेगावला आले आणि तोच आवाज घेऊन एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसले. नाव, वय, गाव, काय होतंय. एवढं लिहायचं आणि कागद हातात द्यायचा. पण माणसं एवढ्यावर कुठं थांबतात! "छातीत धडधडतंय" म्हणायची आणि लगेच सून माहेरी गेल्यापासूनचं सगळं सुरू. मागची रांग ओरडायची. मग मीही ओरडायचे, "अहो, ते डॉक्टरला सांगा, मला वय सांगा!" एकदा एक म्हातारा असाच बोलत राहिला. मी त्याच्यावर खेकसले. तो शांतपणे म्हणाला, "डाक्टरला टाइम नसतो बाई. आमाला तूच दिसतीस." त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. लई वाटली.

म्हणून मी पदवीला नाव घातलं. समुपदेशन आणि मानसोपचार, असं लांबलचक नाव. माझी सासू त्याला "ऐकायचं कॉलेज" म्हणायची. "हिला ऐकायला शिकविणारा भेटला तर मी त्याला नारळ दीन," हेही वर म्हणायची. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर चौथं वर्ष ऑनर्सचं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ऑनर्स झालात की तुम्हाला खिडकीवरून उचलून आतल्या खोलीत बसवतो, लोकांशी बोलायला. त्या आतल्या खोलीत माझा जीव अडकला होता. खोटं कशाला बोलू, तिथं पडदा कुठल्या रंगाचा लावायचा तेही मी ठरवून ठेवलं होतं.

ती वर्षं पाण्यावाचून गेली. पडेगावात टँकर दिवसाआड यायचा, आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. आला की नळीला हात कुणाचा आधी लागला यावरून जुंपायची. त्या भांडणात मी कधी हरल्याचं मला आठवत नाही. ड्रम भरले की ओली साडी बदलायची आणि रिक्षानं औरंगपुरा गाठायचा. कॉलेज तिथंच, स्टीलच्या भांड्यांच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. खाली गिऱ्हाईकं कळश्या वाजवून बघायची आणि वर आम्ही शांततेचं महत्त्व लिहून घ्यायचो.

शहर मात्र पाणी असो नसो, वाढतच होतं. जालना रोडनं माहेरी जायचं म्हणलं की दर खेपेला एक नवी इमारत उभी. वडील ज्या रानांत मेंढरं बसवायचे, म्हणजे शेताला खत मिळावं म्हणून कळप मुक्कामाला ठेवायचे, तिथं आता कंपन्यांची कुंपणं होती. भाऊ कळप घेऊन पाण्यापायी गोदावरीकडं उतरला होता. मला त्यात गळा काढण्यासारखं काही वाटलं नाही. त्यातल्याच एका कंपनीत आमचे हे कामाला लागले, म्हणून तर मी चाळिशीत वही-पेन धरू शकले.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पेपर झाले, चांगले झाले. पण खरी परीक्षा पेपरची नव्हती, टेपची होती. एका खऱ्याखुऱ्या माणसाबरोबर, त्याची लेखी परवानगी घेऊन, किमान दोनदा बसायचं. दोन्ही भेटी रेकॉर्ड करायच्या आणि शिकवणाऱ्या मॅडमना वर्गात ऐकवायच्या. दोन्ही टेपवर असल्या तर कागदावर 'पूर्ण' असा शिक्का, आणि तो शिक्का असला तरच ऑनर्सला प्रवेश. मुदत मार्चअखेरपर्यंत.

त्यासाठी कॉलेजनं एक लहान खोली दिली होती. दोन खुर्च्या, जरा तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे माणसाला आपल्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. मॅडमनी कागदी रुमालांचा एक डबा आणून ठेवला होता. वर्षभर तोच डबा तसाच होता. रडणारी बाई पदरच वापरायची. आम्ही बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला, आणि त्या दिवसांत भरलेला पेला पुढं केला की माणूस तसंही बोलायला लागायचं. एकच नियम मला जड जायचा. मॅडम म्हणायच्या, "समोरच्याला मावशी, काका असं म्हणायचं नाही." आता मावशी म्हणल्याशिवाय पन्नाशीच्या बाईशी कसं बोलतात, ते मला अजून जमलेलं नाही.

आणि माझ्या वाट्याला पन्नाशीचीच बाई आली. तिच्याबद्दल मी फार सांगणार नाही, तसा शब्द दिलेला आहे. हे लिहायच्या आधी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरातलं मानूस गेलतं म्हनून लिही. कोन, ते नको. जालना रोडला खानावळ चालवते म्हनून लिही. आन रस्सा झकास असतो, हेबी लिही." तर लिहिलं.

पहिल्या भेटीत ती जवळजवळ बोललीच नाही. माणूस जाऊन तीन-चार महिने झाले होते. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडं गेली होती, त्यांनी इकडं धाडलं. मधूनच एखादं वाक्य, मग पुन्हा खिडकीकडं बघणं. मला एरवी दोन मिनिटं गप्प बसवत नाही. तिच्यासमोर मात्र बसवलं, आणि मी मनातून स्वतःवर खूश झाले. म्हणलं, आलं बरं का ऐकायला!

आता भेट संपवायची कशी, हे पुस्तकात दिलेलं आहे. वेळ संपायच्या थोडं आधी तसं सांगायचं. आज कसं वाटलं ते विचारायचं. पुढचा दिवस ठरवायचा आणि "या" म्हणायचं. मी ते आरशापुढं उभं राहून पाठ केलं होतं. आणि मी केलं काय? वेळ झाली, तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मी उठले. अवाक्षर न बोलता दार उघडलं, तीन मजले उतरले आणि भांड्यांच्या दुकानासमोर रिक्षाला हात केला. रिक्षावाला म्हणाला, "किधर जाना है?" तेव्हा मला शुद्ध आली. अगं बाई, खोली तर माझी होती! आलेली ती होती, आणि उठून गेले मी!

धापा टाकत वर गेले तोवर ती निघून गेली होती. बहुधा दुसऱ्या जिन्यानं उतरली असावी. खुर्चीवर माझी पर्स होती आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच होता.

हे का झालं, ते ज्याला आमच्याकडची रीत माहीत आहे त्याला सांगायला नको. एरवी कुणाच्याही घरून निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. फक्त ज्या घरी माणूस गेलंय तिथून निघताना "येते" म्हणायचं नाही. म्हणलं तर पुन्हा अशाच कामाला येऊ, असं होतं. घरची माणसंही "या" म्हणत नाहीत. भेटायला गेलेल्यानं थोडं बसायचं, आणि मग मुकाट उठून चालू लागायचं. मी आठेक वर्षांची असताना आईबरोबर अशा एका घरी गेले होते. निघताना मी आपली शहाण्यासारखी "येतो बरं का" म्हणाले. आईनं रस्त्यावर आल्यावर अशी थोबाडीत दिली की कान वाजला. त्या दिवसापासून ती रीत माझ्या अंगात आहे. त्या खोलीत माझ्यासमोर बाई दुःखात बसली होती. माझं डोकं कॉलेजात होतं, पण पायांना वाटलं आपण भेटायला आलोय. पाय उठले.

टेप वर्गात वाजली. खुर्ची सरकल्याचा आवाज, दाराचा आवाज, आणि मग नुसता पंखा. खालून एक जण "लसूण, लसूण" ओरडत गेला. पोरी पदराआड, ओढणीआड हसायला लागल्या. मग पेला ठेवल्याचा आवाज आला, तिचा एक मोठा उसासा आला, आणि हसू थांबलं. ती एकटी थोडा वेळ तशीच बसून होती.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कुठे गेलात?"

मी सगळं सांगितलं. मॅडम पुण्याकडच्या असल्या तरी रीत त्यांनाही ठाऊक होती. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही नाही म्हणत. पण ते घर असतं. तिथे तुम्ही पाहुण्या असता, त्यांना सांभाळायला घरचे असतात. इथे तिला पुन्हा ये म्हणणारं तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी रेकॉर्डर उचलला आणि जागेवर जाऊन बसले.

खोली मला बुधवारी मिळायची. पुढच्या बुधवारी ती आली नाही. कशाला येईल! कुणी बोलावलंच नव्हतं. दुसरी भेट नाही म्हणजे टेप नाही, टेप नाही म्हणजे शिक्का नाही. नवीन माणूस शोधून, त्याची लेखी परवानगी घेऊन दोन भेटी करण्याइतके दिवसही उरले नव्हते. आमच्या नियमात आपण होऊन त्या माणसाच्या घरी किंवा धंद्यावर जायचं नाही, हे ठळक अक्षरात लिहिलेलं. तरी मी गेले. माहेरी चालले असं घरात सांगितलं आणि जालना रोडला खानावळीच्या अलीकडंच उतरले. रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले. पलीकडं ती दिसत होती, कंपनीतली पोरं बाकांवर बसलेली, ही वाढत होती. रस्ता ओलांडायचा फक्त. आणि मग तिला काय सांगणार होते मी? "बाई गं, तू आली नाहीस तर माझं वर्ष जातंय"? ती आली असती. आमची माणसं अशी असतात, दुसऱ्याचं काम अडलंय म्हणलं की स्वतःचं दुःख बाजूला ठेवून उठतात. ती माझ्यासाठी आली असती, माझ्यासाठी बोलली असती, आणि मी ते टेप करून मार्क घेतले असते. मला स्वतःचा असा राग आला म्हणता! उलट्या बाजूची रिक्षा धरली आणि सरळ घरी आले. माहेरी गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना हेही सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या, ऑफिसच्या फोनवरून एकदा बोला. एकदाच. आणि तुमच्या वर्षाचा शब्द काढायचा नाही. मी फोन लावला. पलीकडं फोडणी चरचरत होती. मी म्हणलं, "त्या दिवशी मी न सांगता उठून गेले. माझं चुकलं. दर बुधवारी अकरा वाजता मी त्या खोलीत असते. यावंसं वाटलं तर यायचं, नाहीतर नाही." ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

दोन बुधवार मी त्या खोलीत नुसती बसले. तिसरा बुधवार मुदतीतला शेवटचा. त्याच दिवशी सकाळी टँकर आला. सासूनं नळी माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाली, "तू जा. तुजी बाई यायची आसंल." मी कधी तिला काही सांगितलं नव्हतं, पण दोन बुधवारी माझं तोंड बघून तिला कळलं असावं.

अकरा वाजून गेले. सव्वाअकरा झाले. मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं ठेवत होते. आणि दारात ती उभी! हाताला अजून पीठ लागलेलं. आली, खुर्चीत बसली, पाणी प्याली. मग तिचं लक्ष मधल्या रेकॉर्डरकडं गेलं.

"आज ते बंद ठेव," ती म्हणाली. "आज मला बोलायचंय."

परवानगीचा कागद फायलीत होता, तिची सही होती. एवढं म्हणायचं होतं, की राहू द्या ना, वर्गाबाहेर जात नाही. दोन शब्दांचं काम. किंवा नुसतं बटण दाबल्यासारखं करायचं. हेही मनात आलं, मी काही संत नाही. आतली खोली डोळ्यांपुढं आली, पडद्यासकट. मग मी रेकॉर्डर बंद केला, आणि तिच्याही मनात शंका राहू नये म्हणून बाहेर जाऊन शिपाईमामांच्या टेबलावर ठेवून आले. दार लावलं. पुढं काय झालं ते त्या खोलीतच राहील. तिच्या परवानगीनं त्यातलं थोडंच इथं लिहिते.

ती म्हणाली, "त्या दिवशी तू उठून गेलीस ना, तवा मला बरं वाटलं. बाकी समदे म्हनत्यात काळजी घ्या, येतो आमी, चेहरा पाडू नका. जनू काय झालंच नाय. तू गप उठून गेलीस. म्हनलं, हिला कळलंय माझ्या घरात मानूस मेलंय म्हनून."

"मग आला का नाहीत?" मी विचारलं.

"तू बोलिवलंस कवा? फोन केलास, तवा बी मनाची तयारी होईना. आज झाली."

मग ती बोलली. मी ऐकलं. ते चांगलं ऐकलं की वाईट, हे तपासायला टेप नाही, पण मला त्या वेळेत एकदाही मॅडम आठवल्या नाहीत, पुस्तक आठवलं नाही आणि शिक्काही आठवला नाही.

वेळ संपली. या वेळी वेळेआधी तसं सांगितलं. कसं वाटतंय ते विचारलं. आणि "पुढच्या बुधवारी या" म्हणायची पाळी आली, तर जीभ टाळूला चिकटली. दुःखातल्या बाईला "या" म्हणायचं! आईचा हात गालावर पडेल असं वाटलं. तरी म्हणाले. आवाज घोगरा आला, पण म्हणाले, "पुढच्या बुधवारी या. अकरा वाजता."

ती दाराशी थांबली. माझ्याकडं बघत राहिली, वाईट बोलले की काय असं वाटून मी घाबरले. मग तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "येते."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "टेप नाही तर मला 'अपूर्ण'च लिहावं लागेल. तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हणलं, व्हय, माहीत होतं. त्यांनी लिहिलं, सही केली, आणि कागद माझ्याकडं सरकवताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी टेप द्या. ही भेट मात्र चालू ठेवा." तशी मी ती चालू ठेवली, आणि टेप पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाबरोबर केली.

घरी आले तेव्हा ड्रम काठोकाठ भरलेले होते. सासू चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "झालीस का पास?"

"नाय, आत्याबाई. वर्ष गेलं."

"मंग हसायलीस कशाला?"

मला सांगता येईना. ती बाई काय बोलली ते सांगता येत नव्हतं, कोण ते सांगता येत नव्हतं, आली होती एवढंही सांगायची चोरी. सासू माझ्याकडं वळून बघत राहिली. "काय गं ही तुजी इद्या! नापास झाली तरी हसायचं, आन इचारलं तर मुकं व्हायचं. बोल की काय तरी!"

"भूक लागलीय," मी म्हणलं.

तिनं तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. मला लई आनंद झाला होता. जन्मात पहिल्यांदा मी पोटात काहीतरी ठेवून जेवायला बसले होते, आणि मी तीन भाकरी खाल्ल्या.